वीतभर आखूड पडदा

३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, झोपेचं रोज लिहून ठेवा. किती वाजता आडवे झालात, कधी डोळा लागला, कधी उघडला. म्हणून ही वही. पण किती वाजले ते बघायला जावं तर घड्याळाचे हिरवे आकडे डोळ्यांत घुसतात आणि उरलीसुरली झोपही उडते. तेव्हा वाजल्याबिजल्याचं मी लिहिणार नाही. बाकीचं लिहीन.

मी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यांवरून मेणात दात बसवायचे, रंग जुळवायचा. दिवसभर टेबलावरचा पांढरा दिवा आणि त्याखाली परक्या माणसांचे जबडे. गेल्या आठवड्यात एका बाईंच्या पुढच्या दातांचा रंग मी चुकवला. त्यांचे स्वतःचे उरलेले दात पांढरे, आणि मी केलेले चहात बुडवून काढल्यासारखे. लॅबच्या मॅडम रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुमच्याकडून?" त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आणखी एकदा असं झालं तर रंगाचं काम दुसऱ्याकडे जाणार, हे मला कळलं.

चूक झोपेची आहे, आणि झोप मोडणारे आमच्याच झोपायच्या खोलीत ठाण मांडून बसलेत. दिवा मालवला की एकेक जागा होतो. टीव्हीचा लाल ठिपका. वायफायच्या डबीवर तीन हिरवे, त्यातला मधला सारखा लुकलुकतो. एसीचा आकडा. चार्जरचं निळं टोक. वायरीच्या सुट्या बोर्डावरचं नारिंगी बटण. उघड्या दारातून दिसणाऱ्या बाथरूमपाशी विजेवरचा दात घासायचा ब्रश, त्याचाही एक हिरवा. आणि वर छताला धूर ओळखणारं यंत्र, ते थांबून थांबून लाल डोळा मिचकावतं. त्याचं नाव मी कोतवाल ठेवलंय. आता लागणार डोळा असं वाटलं की नेमकी कोतवालाची गस्त येते.

"अगं, ही झोपायची खोली आहे की विमान चालवायची?" मी हिला विचारलं.

"मला बाई छान झोप लागते," ही म्हणाली आणि कूस बदलून झोपलीसुद्धा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काळी चिकटपट्टी आणली. सुरुवात टीव्हीपासून. नखाएवढा तुकडा कापला, ठिपक्यावर दाबला, झाला आंधळा. इतका आनंद मला मागे कधी झाला होता आठवत नाही. मग वायफायची डबी, मग चार्जर.

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, तो टीव्हीचा एक असू द्या ना. काय खातोय तुमचं?"

"झोप खातोय."

"मग ब्रशाचा तरी ठेवा. तो किती लांब आहे."

त्या एवढ्याशा दिव्याची हिला काय माया! लेक लहान असताना तिची मोडकी बाहुली टाकायला निघालो होतो, तेव्हा अशीच आडवी आली होती. मी ब्रशावर पट्टी लावलीच.

८ फेब्रुवारी, रविवार

काल ही पाणी प्यायला उठली आणि पलंगाच्या कोपऱ्यावर आपटली. पायाचं बोट चांगलंच सुजलंय.

"पलंग सरकवलात का तुम्ही?" ही बोट धरून विचारते.

"लग्नात आलेला पलंग आहे, जागचा हललेला नाही. डोळे कुठे ठेवले होतेस?"

"तुमच्या चिकटपट्टीखाली."

मला हसू आवरेना. हिच्या जिभेला अजून धार आहे. बोटाला बर्फ लावून दिला.

आता फक्त कोतवाल आणि रस्त्यावरचा दिवा उरलाय. कोतवालावर पट्टी लावायला शिडी लागेल. रस्त्यावरच्या दिव्याला जाड पडदा लागेल, आणि त्यासाठी आपल्याला बाहेर शोधायला नको. ही पडदेच शिवते. हॉलच्या कोपऱ्यात हिचं मशीन आहे आणि निम्म्या वस्तीच्या खिडक्यांना हिच्या हातचे पडदे आहेत. टेप न लावता नुसत्या नजरेने खिडकी मापते आणि पडदा बसतो बरोब्बर. हिला म्हटलं, काळं अस्तर लावून एक शिवून दे, उजेडाचा कण आत यायला नको.

"बघते," म्हणाली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पडदा अजून नाही. लोकांचे शिवून होतात, आमचा होत नाही. आज विचारलं तर म्हणाली कापड यायचंय. कापड तर मशीनशेजारी घडी करून ठेवलेलं आहे, मी पाहिलं. वयाप्रमाणे कामाचा कंटाळा येत असेल. हल्ली सुईत दोरा ओवायलाही एक तारेचं खेळणं आणलंय हिने. संध्याकाळचं शिवणही बंद केलंय. म्हणते, दिवसाचं शिवण सरळ येतं.

मी रात्री चारदा जागा झालो. जुन्या पडद्याच्या विणीतून तो रस्त्यावरचा पिवळा उजेड थेट माझ्या पापणीवर येतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पडदा झाला! आणि झाला तो वीतभर आखूड.

माझा विश्वास बसेना. आयुष्यभर हिचा पडदा बोटभर इकडेतिकडे झालेला मी पाहिला नाही. पडद्याखाली उजेडाची लांबलचक फट. मी पोट धरून हसलो. "अख्ख्या गावाच्या खिडक्या झाकल्यास आणि स्वतःच्या नवऱ्याला उघडं ठेवलंस!"

ही हसली नाही. म्हणाली, "चुकलं माप. राहू द्या आता असाच." आणि माझ्याकडे न बघता दोऱ्याची रिळं डब्यात भरत बसली. फार लागलं बहुतेक मनाला. कारागिराची चूक त्याला हसून दाखवू नये, हे मला कवळीवरून कळायला हवं होतं. मग मी जुनं ब्लँकेट गुंडाळून फटीत कोंबलं, शेजाऱ्यांकडून शिडी आणून कोतवालाचा डोळा झाकला. आज रात्री बघू.

२२ फेब्रुवारी, रविवार

हे नीट लिहायलाच हवं.

काल दिवा मालवला आणि खोली नाहीशी झाली. अंधार झाला असं म्हणणं अपुरं पडेल. अंधार मी रोजच बघत होतो असं मला वाटत होतं, पण तो उजेडाला पाणी घालून पातळ केलेला अंधार होता. हा दाट होता. हात डोळ्यांसमोर धरला, हललेला कळतो पण दिसत नाही. भिंत कुठे संपते ते कळेना. छत आहे की नाही ते कळेना. मी आमच्या पलंगावरच पडलो होतो आणि तरी मला वाटलं, कुठल्या तरी प्रचंड जागेत आणून मला कुणीतरी अलगद ठेवलंय. अंगावर काटा आला. भीती म्हणावी तर ती नव्हती. आपण इतके लहान आहोत, आणि लहान असणं इतकं सुखाचं असतं, हे या वयात मला पहिल्यांदा कळलं.

मग ऐकू यायला लागलं. भिंतीतल्या नळातून उतरणारं पाणी. लाकडी कपाटाचं एक हळूच कुरकुरणं. माझं स्वतःचं रक्त कानात. आणि हिचा श्वास, इतक्या जवळ, की मला आश्चर्य वाटलं, रोज हा असाच चालत असतो आणि मी तो कधी ऐकला नव्हता.

श्वास जागा होता. थोड्या वेळाने ही म्हणाली, "आहात ना?"

"आहे की."

"कुठे आहात?"

मी हात पुढे केला. हिने तो पकडला आणि असा घट्ट धरला की माझी अंगठी बोटात रुतली. इतक्या वर्षांनी हिला पुन्हा असे लाड आठवले! अंधारात माणसं जवळ येतात म्हणतात ते काही खोटं नाही. मी तसाच हात देऊन झोपलो. सकाळपर्यंत उठलो नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

चार रात्री मेल्यासारखा झोपलो. लॅबमध्ये आज अवघड रंग जुळवला, कडेला किंचित राखाडी आणि टोकाला पारदर्शक. मॅडमनी तो खिडकीत नेऊन पाहिला आणि पाठीवर थाप मारली. नोकरीवरचं सावट गेलं. हे सगळं अंधाराचं देणं आहे. मी तर आता संध्याकाळपासूनच त्याची वाट बघतो. लोक देवळात काय शोधत असतील ते मला थोडंफार कळायला लागलंय.

हिलाही शिस्त लागतेय. संध्याकाळनंतर पाणी पीत नाही, त्यामुळे रात्री उठावं लागत नाही. परवा बहिणीकडे जेवायला गेलो होतो तर येताना जिन्यात माझा दंड धरून उतरली. वहिनी जिन्यात नवऱ्याला बिलगते म्हणून बहिणीने चिडवलंसुद्धा. मी ऐटीत उतरलो.

१ मार्च, रविवार

ही हॉलमध्ये दिवाणावर झोपायला गेली. कालपासून.

कारण विचारलं तर म्हणाली, तुम्ही घोरता. मी पूर्वीही घोरतच होतो. लेकीच्या लग्नाआधी तिघं एका खोलीत झोपायचो तेव्हाही घोरत होतो. मी म्हटलं, "खरं काय ते सांग." तर म्हणाली, "खरं तेच सांगतेय. तुम्हाला हवी तशी खोली मिळाली ना? झोपा की मग."

माझं काय चुकलं ते मला कळत नाही. खोलीत तोच अंधार आहे, तेवढाच दाट, तेवढाच मोठा. पण काल त्यात मला झोप आली नाही. शेजारच्या उशीवर हात ठेवून पडलो होतो.

५ मार्च, गुरुवार

हे आत्ताच लिहून ठेवतो, उजाडायची वाट बघवत नाही.

मध्यरात्र उलटल्यावर घसा कोरडा पडला म्हणून पाण्यासाठी उठलो. हॉलच्या दारात आलो आणि जागीच थांबलो. हॉलभर दिवे होते. माझेच शत्रू! चार्जरचं निळं टोक दिवाणाच्या पायाशी जमिनीवर. वायफायची डबी वायर लांबवून मशीनच्या कोपऱ्यात. जुना मोबाइल, नारिंगी बटणाचा बोर्ड, सगळ्यात शेवटी बाथरूमच्या उंबऱ्यावर ब्रशाचा तो हिरवा. पट्ट्या सोलून काढलेल्या. कसे पसरलेत म्हणून आधी मला रागच आला. मग दिसलं की पसरलेले नाहीत. एका ओळीत लावलेत. जिथे वळायचं तिथे दोन.

तेवढ्यात ही उठली.

दोन्ही हात थोडे पुढे, पाय न उचलता सरकवत, निळ्यापर्यंत आली. थांबली. मान वळवून पुढचा शोधला, मग त्याच्याकडे. माझ्या समोरून गेली. एका हाताच्या अंतरावरून गेली. मागे पाण्याच्या फिल्टरचा दिवा होता, तिथल्या उजेडात मी उघड उघड उभा होतो, मला माझी स्वतःची बोटं दिसत होती. हिचे डोळे उघडे होते. आणि हिला मी दिसलो नाही.

मी श्वास धरून उभा राहिलो. हाक मारली असती तर ही दचकली असती, पडली असती. हिने नारिंगी ओलांडला, वळणावरच्या दोन दिव्यांशी अडून क्षणभर उभी राहिली, आणि बरोबर बाथरूमच्या कडीला हात घातला. तशीच परत आली. जमिनीवरच्या त्या फुटकळ दिव्यांवर भरवसा ठेवून, समुद्रात जहाज आणावं तशी हिने स्वतःला दिवाणापर्यंत आणलं. मी इतकं धाडसाचं काही आयुष्यात पाहिलेलं नाही. आणि हे माझ्या घरात रोज चाललं होतं.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी चहा झाल्यावर मी म्हटलं, "रात्री मी दारात उभा होतो."

हिने कप खाली ठेवला. म्हणाली, "मग कळलंच असेल."

"कधीपासून?"

"संध्याकाळ झाली की कडा जातात. मग नुसतं मधलं राहतं. पडद्याच्या कडीतून बघितल्यासारखं." हिने अंगठा आणि बोट जोडून कडी करून दाखवली आणि तिच्यातून माझ्याकडे बघितलं. "आधी कडी मोठी होती. दोनेक वर्षं झाली असतील."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर मशीन बंद केलं असतंत. लेकीला फोन केला असतात. मग ती यायची, तुम्ही दोघं मिळून माझे हात बांधून मला खुर्चीत बसवलं असतंत." आवाज चढला, मग खाली आला. "आणि तुम्हाला झोप नव्हती. कामावर बोलणी बसत होती. अंधारात तुम्ही किती खूश होतात. सकाळी उठून त्याच्याबद्दल बोलायचात तेव्हा मला वाटायचं, आपल्याला जे खायला उठतं त्यात या माणसाला काहीतरी सापडलंय. ते कसं काढून घ्यायचं?"

मग आठवलं म्हणून विचारलं, "आणि तो पडदा?"

"तो काय?" ही एकदम ताठ बसली. "माझं माप चुकतं होय? वीतभर मुद्दाम सोडला होता. तेवढ्या फटीवर मला दार सापडलं असतं. तुम्ही ब्लँकेट कोंबाल हे मला काय माहीत!"

हे बोलताना ही रडत होती आणि चिडलीही होती, आणि चिडली होती ती मापावरून.

११ मार्च, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण आहेत, घाई न करता बोलतात. एका अंधाऱ्या खोलीत हिला एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं. आत कुठेही बारीक दिवा चमकेल, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला बाजूच्या संगणकाच्या पडद्यावर कुठे दिवा लागतोय ते दिसत होतं.

वर लागला. बटण वाजलं नाही. डावीकडे लागला, खाली लागला, पुन्हा वर लागला. मी मनात ओरडत होतो, अगं लागला, लागला. ही शांत बसून होती. मग अगदी मधे लागला आणि टक्. पुन्हा मधे, टक्. असे ठिपके मी घरभर शोधून शोधून मारले होते. आता त्यांतला एकेक हिला दिसावा म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. कडा आधी जातात, मधलं शेवटी. गेलेलं परत येत नाही. मधलं बरीच वर्षं टिकू शकतं, किती ते त्या सांगू शकत नाहीत. दिवसा शिवायला हरकत नाही.

"शिवायला हरकत नाही," ही मला बाहेर आल्यावर म्हणाली. "ऐकलंत ना?"

घरी आल्यावर मी सगळे दिवे खोलीत परत आणले. शिडी लावून कोतवालाची पट्टी काढली. ब्लँकेट काढलं.

१४ मार्च, शनिवार

काल झोपायच्या वेळी ही म्हणाली, "लावा परत पट्ट्या."

"वेडी आहेस का?"

"आज ना उद्या हा अंधार यायचाच आहे. तो आल्यावर शिकण्यापेक्षा आधी शिकते. तुम्ही आहात तोवर." मी तरी हलेना, तेव्हा म्हणाली, "आणि तुम्हाला काय एवढं सापडलं त्यात, ते मलाही बघू द्या."

सगळं झाकलं. हॉलमधलंही. तो पुन्हा आला, तेवढाच दाट. या वेळी मला त्याची भीती वाटली. हिने माझा हात धरला आणि पलंगावरून खाली उतरली. "चला, माझ्यामागे या."

मी आंधळ्यासारखा चाचपडत होतो आणि ही मात्र चालत होती. "इथे पायाला गार लागलं का? म्हणजे बाथरूम आलं, खालून नळ जातो. आता फ्रिज उजव्या कानाला घ्या. वळा. हा हवेचा झोत येतोय ना गालावर, ती स्वयंपाकघराची खिडकी." पडद्यांना हात लावून सांगत होती, हा सुती, म्हणजे हॉल, हा जाड, म्हणजे आपली खोली. दिवाणावर पडल्या पडल्या हिने घर असं पाठ केलं होतं, कानांनी, तळव्यांनी. मला त्या अंधारात फक्त आकाश सापडलं होतं. हिने त्यात घर बांधलं होतं.

मधेच मी टेबलावर जोरात आपटलो. ही खदखदून हसली. मग तसंच हसता हसता हिचा हात माझ्या तोंडावर आला आणि तिथेच राहिला. कपाळ, भुवई, नाक. बोटं हळूहळू थांबली.

"काय झालं?"

"तुम्ही असे नाही," ही म्हणाली. "माझ्या डोक्यातले तुम्ही लग्नातलेच आहात. किती वर्षांत मी तुमच्याकडे नीट बघितलेलंच नाही."

१५ मार्च, रविवार

सकाळी ऊन आलं तशी हिने खुर्ची खिडकीत ओढली आणि मला बसवलं. दाढी करू दिली नाही. समोर स्टूल घेऊन स्वतः बसली, खिडकी मापायला बसते तशी, आणि बघायला लागली.

दिवसभर मी लोकांचे जबडे बघतो, मला कुणी बघत नाही. हिची नजर एका वेळी थोडंसंच बघते, त्यामुळे ती कपाळापासून निघाली आणि सावकाश खाली येत गेली. कुठे आली आहे ते मला कातडीवर कळत होतं. कानाशी बराच वेळ थांबली. मी इतका बघण्यासारखा आहे हे मला माहीत नव्हतं. जागचं हलायचा धीर होईना.

"बोला काहीतरी," ही म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही बोला. बोलताना तुमचं नाक हलतं. ते बघायचं राहिलंच होतं."

मग मी बोलत राहिलो.